परसातलं ऊन

नकाशावर नॉर्थचा बाण काढायचा राहून गेला होता. दयाराम बाण विसरला असं कुणी सांगितलं असतं तर फोर्टातल्या त्या कचेरीत कुणाचा विश्वास बसला नसता. जन्मभर त्यानं हेच काम केलं होतं. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर ट्रेसिंगचं कापड पसरायचं, चारी कोपरे टाचायचे आणि रेघेवरून रेघ ओढायची. साहेबलोकांचे बंगले, गोदामं, एका गुजराती शेठची धर्मशाळा, सगळं त्याच्या हाताखालून गेलं, आणि त्यातलं काहीएक त्याचं नव्हतं. हा कागद मात्र त्याचा होता. घरच्या परसाचा नकाशा होता तो. नोकरी संपायला थोडे दिवस उरले होते म्हणून त्यानं कौतुकानं तो कचेरीत आणला, आणि पारशी हेड ड्राफ्ट्समननं चष्मा कपाळावर ढकलून तो पाहिला, मान डोलावली, आणि सवयीनं कोपऱ्यावर बोट ठेवलं. "नॉर्थ दाखवला नाय तू," तो म्हणाला. मग चहा ओठाला लावता लावता त्यानं अगदी सहज विचारलं, "थंडीमां ऊन कुठून येते तुज्या घरी?" दयारामनं कागद आपल्याकडे वळवून घेतला. पारशी दुसऱ्या टेबलाकडे वळलासुद्धा. त्याला काही उत्तर नको होतं.

या कचेरीची थंडी दयारामला तोंडपाठ होती. दिवाळी सरली की दक्षिणेच्या खिडक्यांतून ऊन तिरपं आत घुसायचं, शाई पेनातच वाळायची, आणि सगळी टेबलं भिंतीकडे सरकवावी लागायची. त्यांचे पाय कुठं यायचे याच्या खुणा दरसाल दयारामच खडूनं जमिनीवर करायचा. माझगावात गाववाल्यांच्या सामाईक खोलीत तो राहायचा. तिथली थंडीही त्याला ठाऊक होती. दुपारी थोडा वेळ गॅलरीच्या एका टोकाला ऊन यायचं, आणि त्या टोकावर धोतर वाळत घालण्यावरून मिलमधल्या माणसांची भांडणं व्हायची. आणि घरची थंडी? डोळे मिटून त्यानं परस आठवून पाहिलं. आठवलं ते भाद्रपदातलं, ओलं, शेवाळलेलं, मांडवावरून पडवळं लोंबत असलेलं. पुन्हा आठवलं तर शिमग्याचं आलं, झाडून लोटून मोकळं केलेलं, धुळीचं, कडेला नारळाच्या झावळांचा ढीग. या दोन परसांच्या मधलं परस काही केल्या दिसेना. शेवटी त्याच्या ध्यानात आलं की पोरवयात मुंबईला आल्यापासून ते त्यानं पाहिलेलंच नव्हतं.

त्यात नवल काही नव्हतं. कोकणातल्या मुंबईकराला घर दोनच वेळा भेटतं, शिमग्याला आणि गणपतीला, आणि गणपती लवकर आले तर बोटी चालू नसल्यानं तेही नाही. दयारामचं लग्न वैशाखात झालं. मुलगी, केसर, पौषात जन्मली आणि त्यानं तिला पाहिली ती होळीला. त्याची आई आषाढात गेली, समुद्र बंद होता. केसर लहान असताना दर शिमग्याला आईच्या लुगड्याआड लपायची. हा मिशीवाला कोण म्हणून दोन दिवस बघायची, तिसऱ्या दिवशी मांडीवर येऊन बसायची, आणि मग त्याची बोट असायची. आता ती म्हसळ्याला आपल्या सासरी होती आणि तिची पोरं तिच्या लुगड्याआड लपत होती. या सगळ्याचं त्याला कधी फारसं वाईट वाटलं नव्हतं. सगळ्यांचं तसंच होतं. पण त्या दुपारी, पारशाचा चहा पिऊन झाल्यावरही, त्याला वाटत राहिलं की आपण ज्याला घर म्हणतो त्याचा निम्माअधिक भाग आपल्याला कुणी दाखवलाच नाही.

तो शिकलेला नसला तरी नकाशाच्या धंद्यात मुरलेला होता. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो एवढं त्याला कळत होतं. म्हणजे ऊन दक्षिणेकडून येणार. म्हणजे भाजीचे वाफे दक्षिणेच्या कुंपणालगत हवेत. त्यानं पट्टी घेतली, घर पश्चिमेला तोंड करून आहे हे धरून नॉर्थचा बाण काढला, आणि मधोमध काढलेले वाफे खोडून दक्षिणेकडे सरकवले. घशात माशाचा काटा अडकला की भाताचा गोळा गिळतात, तसा हा हिशेब त्यानं गिळला. काटा खाली गेल्यासारखा वाटला.

संध्याकाळी खोलीत दिव्याखाली कागद पसरला की गाववाले गंमत करायचे. तुळशीराम नावाचा त्याच्याच आळीतला, गिरणीत कामाला असलेला माणूस म्हणायचा, "बाजारात तुरी आनि भट भटनीला मारी. अरे, वांगी कागदाव लावून झाली आसतील तर भरीत करून वाढ." दयाराम हसायचा, पेन्सिलीला टोक काढायचा. दक्षिणेला वांगी, मिरची, मुळा, लाल माठ. पुढं वालाचा मांडव. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू. आणि उत्तरेला, विहिरीपाशी, एक ओटा. हा ओटा काही भाजीच्या कामाचा नव्हता. साहेबांच्या बंगल्यांच्या नकाशात समुद्राकडच्या व्हरांड्यावर नेहमी दोन खुर्च्या काढलेल्या असत, दोन लहान चौकोन, आणि ते गिरवताना दयारामचा हात किंचित हळू व्हायचा. घरात चार माणसं असोत की दहा, खुर्च्या दोनच. नवरा-बायको दिवस कलताना समोरासमोर बसतात, काही बोलतात किंवा बोलत नाहीत, अशी काही रीत असावी. त्याचं आणि त्याच्या बायकोचं, सगुणेचं, असं बसणं कधी झालंच नव्हतं. तो आला की घर पाहुण्यांनी भरायचं, ती चुलीपाशी असायची, आणि रात्री दोघं इतकी दमलेली असत की एकमेकांना विचारायचं ते राहूनच जायचं. ओट्यावर बसून ते विचारता आलं असतं. काय विचारायचं ते त्याला आता आठवत नव्हतं, पण ओटा झाला की आठवेल असं वाटायचं.

गणपतीला तो गेला तेव्हाच त्यानं हा बेत सगुणेच्या कानावर घातला होता. मागच्या दाराशी एका फुटक्या घमेल्यात वांग्याची रोपं बोटभर वाढलेली होती. ती खुरपं घेऊन त्यांच्याशी काहीतरी करत होती. तो म्हणाला होता की यंदा परसाला हात लावू नको, मी आता कायमचा येतोय, सगळं नीट आखून करू. सगुणेनं खुरपं खाली ठेवलं. "बरं," ती म्हणाली. तिनं रोपांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि हात धुवायला गेली. ते बरं त्याच्या मनात मुंबईपर्यंत वाजत राहिलं. त्याला तो होकारच वाटला होता.

कार्तिक उतरणीला लागला तेव्हा तो घरी आला. बोटीतून होडी, होडीतून बैलगाडी, आणि मांडीवर आडवी धरलेली टी-स्क्वेअरची लांब पट्टी. गाडीवाल्यानं ती बंदूक आहे का म्हणून विचारलं. सगुणेनं ट्रंक पाहिली. "मोटी आनलीव," एवढंच ती म्हणाली. पहिल्या पहाटे तो जागा झाला आणि कुठं आहोत ते त्याला कळेना. समुद्राचा आवाज निराळा होता, खाली बसलेला, घशाशी बोलल्यासारखा. नारळावरून कौलांवर दव टपटपत होतं आणि मागच्या दारातून ओल्या पानांचा धूर आत येत होता. तो उठून दारात गेला. न्हाणीच्या चुलीपाशी पाठमोरं कुणीतरी बसलेलं होतं, काळा कोट घातलेला एक म्हातारा. दयाराम दचकला. त्या म्हाताऱ्यानं मान वळवली तर ती सगुणा होती, आणि कोट त्याचाच होता, कधीकाळी टाकून दिलेला, कोपरावर रफू केलेला. बाह्या तिनं दुमडल्या होत्या. त्या दुमडीची घडी इतकी जुनी होती की तिथलं कापड झिजून पांढरं पडलं होतं. "थंडीचा घालते," ती म्हणाली आणि विस्तवाकडे वळली. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांत तिनं आमसुलाचं तेल भरलं होतं. ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. शिमग्यापर्यंत त्या भरून येत असतील. आपल्या बायकोला एक हिवाळा आहे, आणि तो आपल्याला दाखवायचा राहिला आहे, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. पण चुलीपाशी पाट एकच होता.

त्याच दिवशी त्यानं परस आखायला घेतलं. नकाशा दगडांखाली दाबून ठेवला, खुंट्या ठोकल्या, सुंभाच्या दोऱ्या ताणल्या. दोऱ्या अगदी सरळ होत्या, काटकोन काटकोनात होते, आणि परसाचा तो नेटका, कोरा तुकडा बघून त्याला इतकं बरं वाटलं की तो विनाकारण खाकरला. सगुणा घागर घेऊन विहिरीकडे निघाली. ती पायवाटेनं न जाता तिरपी चालत गेली, दोऱ्या आल्या तिथं खाली न बघता पाय उचलून ओलांडत. तिच्या पायांना परसात एक वाट होती आणि ती नकाशात नव्हती. त्यानं तिला थांबवून सगळं दाखवलं. इथं वांगी, इथं मिरची. ती ऐकत होती. दक्षिणेच्या कुंपणाकडे तिनं एकदा पाहिलं. कुंपणापलीकडं शेजारणीची, आवडाबाईची, सुपारीची बाग होती. दयारामच्या लहानपणी ते मोकळं शेत होतं. तो मुंबईला गेल्यावर तिथं सुपाऱ्या लागल्या, आणि आता त्या आभाळाला टेकल्या होत्या. "तुमी आखलंय ते बरोबरच आसंल," सगुणा म्हणाली. मग विहिरीपाशी आल्यावर त्यानं ओट्याची जागा दाखवली. तिनं पहिल्यांदाच प्रश्न विचारला.

"ओटा कशाला?"

"बसायला."

"कोन बसनार?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला उत्तर सुचलं असतं. तिला खरोखरच कळलं नव्हतं. दयारामनं दोरी उगाच पुन्हा ताणली आणि म्हणाला की कुणी आलं गेलं तर. तिनं मान हलवली आणि घागर कमरेवर घेऊन ती दोऱ्या ओलांडत गेली.

दिवस चालले होते. दिवसांचा त्याला धाक वाटू लागला. मुंबईत त्याला वेळ नसायचा आणि इथं वेळ त्याच्या अंगावर बसायचा. लोक भेटत, कधी आलास विचारत, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, मग कधी जाणार? आता जायचं नाही म्हटलं की समोरचा माणूस हसायचा. घरातही त्याला आपली जागा सापडत नव्हती. पडवीत बसावं तर तिथं ती सुपारी निवडायला बसायची, आणि तो दिसला की काही न बोलता सूप उचलून आत जायची. जणू पाहुण्याला जागा करून द्यावी. एके सकाळी तो न्याहारीला आला तर पडवीत एक फडक्याचं गाठोडं ठेवलेलं होतं. कुळथाचं पीठ, आमसुलं, पोह्याचे पापड. हे गाठोडं त्याला पुरतं ओळखीचं होतं. सगुणा भाकरी भाजत होती, तिचं लक्ष तव्यावर होतं.

"बोट कदीची हाय?" तिनं विचारलं.

तव्यावरची भाकरी फुगली, बसली. तिच्या आपसूक ध्यानात आलं आणि तिचा हात थांबला. तिनं उलथनं खाली ठेवलं, गाठोडं उचलून आत नेलं, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दयारामला वाटलं, आत जावं, हसावं, थट्टेवारी न्यावं. पण त्याला मनापासून हसू येत नव्हतं. जन्मभर ही बाई आपल्या येण्याची तयारी करत आली नाही, जाण्याचीच करत आली, आणि तिच्या हातांना अजून कुणी सांगितलं नाही की आता पुरे. त्याला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून तो परसात गेला आणि उगाच एक खुंटी घट्ट करत राहिला.

चंपाषष्ठी, आळीच्या बोलीत वांगेसट, आली. आषाढापासून सोडलेलं वांगं त्या दिवशी देवाला दाखवून मग खायचं, ही घरोघरची रीत. सगुणेनं भरीत केलं, बाजरीच्या रोडग्यासोबत देवाला नैवेद्य दाखवला. वांगी कुठली म्हणून त्यानं विचारलं, ती म्हणाली, आवडाबाईकडची. भरीत फार चांगलं होतं, गोडसर, बिया कोवळ्या. दयाराम पोटभर जेवला आणि मोकळेपणानं म्हणाला की आवडाबाईच्या हाताला गुण आहे, पुढच्या वर्षी आपलीही अशीच होतील, फक्त जागा नीट आखली पाहिजे. सगुणा ताट उचलत होती. "व्हय," ती म्हणाली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. त्याला वाटलं, तिला थंडी बाधली.

दक्षिणेच्या वाफ्यांत त्यानं मुळा आणि माठ पेरला होता. रोपं आली. रोज सकाळी उठल्या उठल्या तो बघायला जायचा, कुणी आपल्या घरी जन्मलं आहे अशा लगबगीनं. पण रोपं काही मनासारखी नव्हती. पिवळट होती, लांब मानेची, पाण्यानं जड झालेली. पाणी जास्त होतंय म्हणून त्यानं कमी केलं. खत कमी पडतंय म्हणून शेण टाकलं. माती मागच्या पावसात धुपली असेल असंही त्यानं ठरवून टाकलं. माणूस आपली चूक सोडून गावभर हिंडतो, तसा तो हिंडला. मग एके सकाळी न्याहारी करून तो वाफ्यापाशी उकिडवा बसला आणि बसूनच राहिला. सकाळ गेली, दुपार झाली. सुपाऱ्यांची सावली कुंपणावरून आली होती ती वाफ्यांवर पसरलेली होती आणि हलायला तयार नव्हती. सूर्य दक्षिणेलाच होता, पारशाला द्यायच्या उत्तरासारखा अगदी बरोबर होता. फक्त तो सुपाऱ्यांच्या मागं होता. शिमग्याला आणि गणपतीला, सूर्य डोक्यावर असताना, ही सावली कुंपणाच्या पायथ्याशी पडून राहायची. तेवढीच त्यानं पाहिली होती. त्यानं रोपांकडे नीट पाहिलं. एकूणएक रोप एकाच दिशेला मान वाकवून उभं होतं, उत्तरेकडे, विहिरीकडे. तिथं, त्याच्या ओट्याच्या दोऱ्यांच्या आत, ऊन स्वच्छ पडलेलं होतं, आणि त्यात सगुणेनं कोट वाळत टाकला होता.

कुंपणापलीकडं आवडाबाई गळलेल्या सुपाऱ्या वेचत होती. भल्या मनाची बाई, पण मनातलं पोटात ठेवायची तिला सवय नव्हती. वांगी आवडली का, तिनं विचारलं. दयाराम उठून उभा राहिला आणि म्हणाला की फार चांगली होती. ती हसली.

"तुमचीच ती. रोपं हिचीच न्हवं का. दर साल आख्ख्या आळीची वांगेसट हिच्या परसावर, आमी समदी हिच्या दारात टोपली घेऊन. यंदा हिनं रोपं माज्या पदरात घातली. म्हनली, मालक येतायत, त्यांचा काय तरी बेत हाय. आनि चंपाषष्ठीला माज्या दारात आली, टोपली घेऊन. मला तर कसंसंच झालं."

तिनं सुपाऱ्यांची टोपली काखेत मारली आणि ती गेली. दयाराम तिथंच उभा राहिला. परस पडीक नव्हतं. त्याच्या जन्मभराच्या प्रत्येक हिवाळ्यात ते हिरवंगार झालं होतं, वांग्यांनी लवलं होतं, मुळा उपटला होता, माठ खुडला होता, आणि शिमगा आला की सगुणेनं ते उपसून, झाडून, शेणानं सारवून मोकळं केलं होतं, कारण तो येणार असायचा आणि पाहुणे येणार असायचे. तो मुंबईत खायचा ते वाल, त्या सुक्या मिरच्या, दर खेपेला गाठोड्यात बांधून दिलेलं सगळं, बाजारातलं म्हणून त्यानं खाल्लं होतं. कधी विचारलंच नव्हतं. आणि ज्या एका वर्षी तो हे पाहायला थांबणार होता, त्याच वर्षी त्यानं आपल्या हातानं ते बंद केलं. चंपाषष्ठीच्या दिवशी सगुणा टोपली घेऊन दुसऱ्याच्या दारात उभी राहिली. आणि तो भरीत चापून आवडाबाईच्या हाताचा गुण गात होता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली. नकाशा दगडाखालून काढून त्यानं घडी केली, पुन्हा घडी केली, आणि खिशात घातला.

संध्याकाळी ती भात वेळत असताना तो स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मला सांगितलं का नाहीस, असं त्यानं विचारलं. आवाज चढवायचा नव्हता तरी चढला. सगुणेनं पेज गाळली, झाकण ठेवलं, हात पुसले. ती चिडलेली नव्हती. उलट तिला अवघडल्यासारखं झालं होतं, चोरी आपलीच सापडल्यासारखं.

"काय सांगायचं," ती म्हणाली. "तुमी येवडा हौसेनं कागुद काडलाव. मला वाटलं, आपल्याला ठावं न्हाय असं काय तरी आसंल त्यात."

तिला त्याच्या कागदाचा भरवसा वाटला होता. त्याच्यापेक्षा जास्त. तो काहीतरी नवीन घेऊन येतोय, मुंबईचं, आपल्या परसात कधी न झालेलं, म्हणून तिनं रोपं देऊन टाकली होती आणि वाट पाहिली होती. दयारामला हे कळल्यावर त्याचा जीव घाबरा झाला. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला की ऊन विहिरीपाशी पडतं. "व्हय," सगुणा म्हणाली. "थंडीचं तितंच आसतं. केसर लहान व्हती तवा तिला तितं तेल लावून न्हाऊ घालायची." त्यानं ते डोळ्यांपुढं आणून पाहिलं. पोर कशी, ऊन कसं, तेलाचा वास कसा, काही येईना.

दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर त्यानं स्वतः ओट्याच्या खुंट्या उपटल्या. सुंभ गुंडाळून हातात घेतलं. सगुणा मागच्या दारात उभी होती. इथं तुझा वाफा कर, तो म्हणाला. मुळा अजून होईल ना?

"उशीर झाला. पन मुळा व्हईल. माठ बी व्हईल." ती थांबली. "आनि ओटा?"

"ओटा नको," दयाराम म्हणाला. "कुणी येत नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर त्याला वाटलं की ती आता विचारेल, खरं काय ते विचारेल, आणि मग तो दोन खुर्च्यांचं सगळं सांगून टाकेल. पण ती आत गेली आणि वाळल्या दुधी भोपळ्यातून राखेत घोळलेलं बी घेऊन आली. कोट काढून तिनं विहिरीच्या काठावर ठेवला, लुगडं वर खोचलं आणि कुदळ घेतली. तिची पहिली कुदळ पडली तशी माती लगेच सुटली, कितीदा उकरलेली, ओळखीची माती. ती एका लयीत खणत गेली. कुठं वळायचं, कुठं पाण्याचा पाट ठेवायचा, हे तिला थांबून बघावं लागत नव्हतं. तो जवळ उभा होता. काहीतरी करावं म्हणून त्यानं दोन ढेकळं पायानं फोडली. ती बी टाकायला खाली बसली, बोटांनी रेघ ओढली, आणि हात थांबवला.

"जरा बाजूला व्हा," सगुणा मान वर न करता म्हणाली. "ऊन आडतंय."

त्यानं खाली पाहिलं. त्याची सावली वाफ्यावर आडवी पडलेली होती, तिच्या हातांवर, बियांवर. तो एक पाऊल सरला, सावली तिच्या पाठीवर गेली. आणखी सरला, ती वाफ्याच्या दुसऱ्या टोकावर गेली. कुठं उभं राहिलं म्हणजे अडचण होणार नाही ते त्याला समजेना. मागं मागं सरत तो दक्षिणेच्या कुंपणापर्यंत आला, पिवळ्या रोपांच्या वाफ्यांत, सुपाऱ्यांच्या सावलीखाली. तिथं त्याची सावली पडत नव्हती. समोर उन्हात सगुणा मूठमूठ बी पेरत पुढं सरकत होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. तिला गाता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. शब्द ऐकू येत नव्हते, आणि जवळ जायची सोय नव्हती. तो हातातली सुंभाची गुंडाळी धरून तिथंच उभा राहिला. तिथं चांगलीच थंडी होती.